माझ्यावर आदळलेला चेंडू

मित्रांनो, मी एक जुनी पट्टी आहे. राष्ट्रीय फुटबॉल संघाचा कप्तान दंडावर चढवतो ना, ती. पहिल्या जागतिक स्पर्धेला निघताना ही पट्टी करायची राहूनच गेली होती. मग संघाचे कपडे सांभाळणाऱ्या काकांच्या बायकोने मला घाईघाईत जुन्या पिवळ्या पडद्यातून शिवलं.

त्या स्पर्धेत आम्ही तीन सामन्यांत चौदा गोल खाल्ले. पुढच्या खेपेला एक सामना बरोबरीत सुटला, तर लोक रस्त्यात नाचले. तिसऱ्या खेपेला मात्र आम्ही थेट उपांत्य फेरीत पोचलो. तेव्हाचे कप्तान शाळेत गणित शिकवायचे, म्हणून त्यांना सगळे मास्तर म्हणत.

बरोबरी होती. दोनच मिनिटं उरली होती. गोलासमोर झुंबड उडाली आणि चेंडू थाडकन माझ्यावर आदळून जाळ्यात गेला. पंचांना काहीच दिसलं नव्हतं. उपकप्तान, म्हणजे मास्तरांचा सख्खा मेहुणा, त्यांच्या गळ्यात पडला. माझ्याखाली त्यांची नस धडधडत होती. मेहुण्याला बाजूला सारून ते पंचांकडे चालू लागले.

"दाजी, गप्प बसा! कुणी पाहिलं नाहीये!"

"हाताला लागला," मास्तर पंचांना म्हणाले.

गोल रद्द झाला. जादा वेळेत आम्ही हरलो.

परतल्यावर विमानतळावर कुणी आलं नाही. मास्तरांच्या दाराला डांबर फासलं गेलं. शाळेत पोरं फळ्यावर हाताचा पंजा काढून ठेवत. मेहुण्याने बहिणीच्या घरी येणं-जाणं टाकलं. मास्तर पुन्हा मैदानात उतरले नाहीत. पुढच्या कप्तानाने मला दोन बोटांत उचललं. "ही नको, अवलक्षणी आहे," म्हणाला आणि कार्यालयाच्या कपाटात टाकलं. त्यानंतर संघ एकदाही त्या स्पर्धेपर्यंत पोचला नाही.

कपाटात मला सतत तो थाडकन आवाज ऐकू यायचा. मग हजारो लोकांची आरोळी, आणि ती मध्येच तुटायची. खाली दंड नसायचा, तरी नस उडत राहायची.

अठरा वर्षांनी मेहुण्याने कपाट उघडलं. त्याचे केस पिकले होते. मला खिशात घालून तो दवाखान्यात मास्तरांकडे गेला आणि मला त्यांच्या दंडावर चढवलं. तो दंड इतका वाळला होता की मी कोपरापर्यंत घसरले.

"दाजी, वाटतं का हो कधी, सांगायला नको होतं?"

"रोज वाटतं. डोळे मिटून रोज गप्प राहून बघतो. आपण जिंकतो. लोक खांद्यावर घेतात."

"मग?"

"मग दंड ठणकायला लागतो रे."

मेहुणा वाकून मला पुन्हा दंडावर सरकवू लागला. "मी यायला हवं होतं," एवढंच म्हणाला.

त्याच आठवड्यात मास्तर गेले.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. मी काय, पडद्याची चिंधी. पण आपला माणूस हरून घरी येईल, तेव्हा त्याच्या दाराशी जा. अठरा वर्षं फार होतात.