चिमटीने कुरतडलेली पिशवी

मी एक जुनी पिशवी आहे. पण मित्रांनो, बाजाराची, दप्तराची किंवा लग्नात मिळणारी नव्हे. मी शेळीच्या कासेची पिशवी आहे. हसलात ना? हसा. ज्यांच्या घरी शेळी नाही, त्यांना माझं मोल काय कळणार? शेळीच्या कासेवर मला चढवतात आणि माझ्या नाड्या तिच्या पाठीवर बांधतात. म्हणजे करडांनी येता-जाता दूध पिऊन संपवू नये आणि घरच्या माणसांच्या वाट्याला चार घोट उरावेत. थोडक्यात, मी दुधाची राखणदार आहे.

माझं कूळ मोठं आहे, हेही सांगून ठेवते. मी अस्सल मांजरपाट आहे. नायगावच्या चाळीत राहणारे कोंडीराम आजोबा तरुणपणी कापडगिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे. गिरणीच्या दुकानातून कामगारांच्या भावात त्यांनी माझा तागा घरी आणला. गिरणी बंद पडली, साचे भंगारात गेले, पण मी ट्रंकेत घडी घालून तशीच राहिले. पुढे माझ्या उशा झाल्या, झोळी झाली, आणि उरलेल्या तुकड्यातून कौसल्या आजीने हातमशीनवर ही पिशवी शिवली. नाडी तिच्या जुन्या परकराची. आजोबांनी मला दोन्ही हातांनी ताणून पाहिलं आणि म्हणाले, "गिरणीचं कापड हाय. हत्ती लावला तरी फाटायचं नाय!"

त्या दिवसापासून माझी मान ताठ झाली. आता पिशवीला मान नसते, पण ताठा असायला काय हरकत आहे?

आजीची शेळी म्हणजे सुलू. बुटकी, तपकिरी, आणि स्वतःला चाळीची मालकीण समजणारी. तळमजल्यावरच्या शेवटच्या खोलीबाहेर पत्र्याचा आडोसा आहे, तिथे ती राहते. आजोबा रोज सकाळी दादरच्या भाजीबाजारात जाऊन फ्लॉवरचा आणि मुळ्याचा पाला घेऊन येतात. सुलू तो खाते, आणि डोळा चुकवून दोरीवरचे मोजेही खाते. सकाळी आजी धार काढायची, करडांना थोडं पिऊ द्यायची, मग मला बांधायची. संध्याकाळीही तसंच. करडं दिवसभर मला ढुशा मारायची आणि मी जागची हलायची नाही. शेजारच्या कमळाबाई वाटी घेऊन दूध न्यायला आल्या की म्हणायच्या, "पिशवी भारी आहे हो तुमची!" मी मनातल्या मनात फुगायचे.

मग एका खेपेला सुलूला जुळं झालं. एक लाडू, जन्मल्या जन्मल्या उड्या मारणारा. दुसरी इतकी लहान की आजीची नात दीपिका म्हणाली, "आजी, ही तर चिमटीत मावेल!" म्हणून ती चिमटी. तिला उभं राहायलाच दोन दिवस लागले. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "आईचं दूध वेळच्या वेळी मिळालं तर जगेल. उपाशी ठेवू नका." तेव्हापासून आजी रोज दुपारी बाराला मला सोडायची, चिमटीला पाजायची आणि पुन्हा बांधायची. दीपिका शाळेतून आली की दप्तर टाकून आधी चिमटीचं पोट चाचपायची. ते भरलेलं लागलं की मगच स्वतः जेवायची.

अशात डिसेंबर आला. सहा तारखेला चैत्यभूमीवर जायला गावाकडून माणसं येतात आणि आमच्या घरी उतरतात. त्या वर्षी परभणीहून मालन मावशी आणि तिच्यासोबत तेरा जण आले. दहा बाय बाराच्या खोलीत चौदा पाहुणे! पण आजीला कसला आनंद! पाय ठेवायला जागा नव्हती, तरी ती प्रत्येकाला विचारत होती, "चहा घेणार ना?" आजोबा म्हणाले, "अगं, डेअरीचं दूध आणतो." तर तिने डोळे वटारले. "घरी शेळी असताना पाव्हण्यांना इकतचं दूध पाजू? चाळीत तोंड दाखवायला जागा ऱ्हाईल का?"

झालं! सहा तारखेच्या सकाळी तिने सुलूला शेवटच्या थेंबापर्यंत पिळलं. करडांना जेमतेम ओठ ओले करू दिले आणि मला दोन गाठी जास्तीच्या मारल्या, कारण संध्याकाळच्या चहालाही दूध हवं होतं. मग पांढरी साडी नेसून ती चाळीच्या पाणीवाटपाच्या स्टॉलवर निघाली. जाताना आजोबांना म्हणाली, "अहो, बाराला येऊन तेवढी पिशवी सोडा. इसरू नका."

आजोबा विसरले नाहीत. पण दर्शनाच्या रांगेत मालन मावशीने त्यांचा हात धरला होता. मावशी पंचाहत्तरीची, मुंबईत पहिल्यांदाच आलेली. तिला गर्दीत एकटं सोडून कसं यायचं? रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. दीपिका स्टॉलवर पेले विसळत होती आणि तिला वाटत होतं, आजोबा घरी पोचले असतील.

इकडे बारा वाजले, एक वाजला, दोन वाजले. सुलूची कास भरून दगडासारखी झाली. लाडूने मला चाळीस ढुशा मारल्या आणि रुसून पाला चघळत बसला. चिमटीला अजून पाला खाता येत नव्हता. ती आधी ओरडली. मग तिचा आवाज बारीक झाला. मग ती पाय दुमडून बसली. मित्रांनो, दूध आणि ते बाळ यांच्यामध्ये फक्त मी होते. मला माझ्याच गाठी सोडता येत नव्हत्या. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या मजबुतीची लाज वाटली.

तेवढ्यात चिमटी धडपडत उठली आणि माझ्या एका कोपऱ्याला तोंडात धरून चोखू लागली. तिथे दूध झिरपून कापड ओलं झालं होतं. ती चोखता चोखता कुरतडू लागली. मी जुनी होते, तिथली वीण विरली होती, तरी आणखी तासभर तग धरला असता. पण कशाला? मी जीव सैल सोडला. एक धागा तुटला, दुसरा तुटला, आणि टर्रकन भोक पडलं. सुलूचा एक सड बाहेर आला. चिमटीने तो धरला आणि तिची शेपटी पंख्यासारखी फिरू लागली! मी फाटले होते आणि मला नाचावंसं वाटत होतं.

उन्हं कलताना आजोबा धापा टाकत आले. मागून आजी, दीपिका, मावशी, सगळा गोतावळा. "चिमटे! अगं चिमटे!" आजोबा आडोशापाशी वाकले. चिमटी आत टम्म पोटाने झोपली होती. दीपिकाने तिचं पोट चाचपलं आणि रडता रडता हसत म्हणाली, "आजोबा, हत्ती नाय लागला. चिमटीनंच फाडली!"

मालन मावशीने माझ्याकडे पाहिलं, मग आजीकडे. "का गं कौसल्या, लेकराच्या तोंडचं काढून आमाला च्या पाजलास व्हय?"

आजीने पदराने डोळे पुसले. "चुकलं माझं, मावशे. मोठेपणा नडला."

"मग आता कोरा च्या टाक. आलं घाल चांगलं. आमी काय दुधावर आलाव का?"

त्या संध्याकाळी चौदा पाहुण्यांनी कोरा चहा प्यायला आणि दुसऱ्यांदा मागितला.

मला वाटलं, आता मी पायपुसणं होणार. पण आजीने ठिगळ लावलंच नाही. लाल दोऱ्याने त्या भोकाची किनार शिवली आणि मला पुन्हा बांधलं. सुलूला म्हणाली, "एक सड आमचा, एक तुझ्या लेकरांचा." चाळीत ज्यांच्याकडे शेळ्या आहेत त्यांनीही मग तशाच पिशव्या शिवल्या.

आज मी कोणाच्या अंगावर आहे, सांगू? चिमटीच्या! ती मोठी झाली आणि तिला पाठ, म्हणजे मादी करडू, झाली आहे, पांढऱ्या कानांची. काल ती पाठ माझ्या भोकातून तोंड घालून पीत होती आणि चिमटी निवांत रवंथ करत होती. मला राखणदार म्हणतात ते अजूनही खरं आहे, फक्त आता मी दोघांचं राखते.

मित्रांनो, मुकं जनावर पाळा, त्याचं दूध जरूर प्या. पण पेला तोंडाला लावण्याआधी एकदा त्याच्या बाळाचं पोट चाचपून बघा. ते रिकामं लागलं, तर त्या दिवशी कोरा चहा प्या. वाईट लागत नाही. परभणीच्या चौदा माणसांना विचारा हवं तर.