मोडीत निघता निघता राहिलेला पंखा

मी पंखा बोलतोय. टेबलावर ठेवायचा, तीन पात्यांचा, येईल त्याला ‘नाही, नाही’ म्हणत मान हलवणारा. आज मी इतका खुशीत आहे, की बोलताना जाळी थरथरली तर सांभाळून घ्या.

जन्म आठवतो तो कारखान्यातला. एका बाईनं माझ्या पोटात तारेची गुंडाळी बसवली, वरची धूळ फुंकली आणि मला पुढे सरकवलं. मला पहिला वारा तिनं घातला.

मग दुकानाची काच पाहिली, आणि तिथून आलो आत्याच्या शिवणाच्या दुकानात. तिला सगळी गल्ली आत्या म्हणते, पण खरी भाची एकच. मशीन खडखड करायचं, मी घरघर. मापं द्यायला आलेली चांगली मोठी माणसं, कुणी बघत नाही ना हे पाहून, माझ्यापुढे तोंड आणून ‘आऽऽ’ करायची आणि आपल्याच थरथरत्या आवाजावर खूश व्हायची. मी कुणाचं नाव सांगणार नाही.

परवा भाची आली. ती विद्यापीठात संशोधन करते. एखादी वस्तू खाणीतून निघून भंगारात जाईपर्यंत पृथ्वीला किती महाग पडते, हा तिचा विषय.

“आत्या, पंखा दे. जुना ठेवावा, की मोडीत काढून कमी विजेचा नवा घ्यावा, ते बघायचंय.”

“ने. तू म्हणशील तसं करीन. मला काही पृथ्वीशी भांडण नको.”

हे ऐकलं आणि माझी मान डावीकडेच अडकली.

प्रयोगशाळेत मला उघडलं. तांबं वेगळं, लोखंड वेगळं, प्लॅस्टिक वेगळं तोललं. भीती वाटली म्हणता? अहो, गुदगुल्या झाल्या! इतक्या कौतुकानं मला आजवर कुणी पाहिलं होतं?

“बाई, ही धूळ पंख्यात धरायची का?” भाचीनं तिच्या मार्गदर्शक बाईंना विचारलं. त्यावर दोघींनी चहा गार होईपर्यंत वाद घातला.

“आमच्या वेळी नुसती वीज मोजायचो,” बाई शेवटी म्हणाल्या. “मग धूर मोजायला लागलो. आता तुम्ही पोरी विचारता, खाणीत राबणाऱ्याचे हाल काय, वस्तू दुरुस्त होते का. चांगलंय. धर, धूळही धर. ती बसली की पंखा जड चालतो.”

मला पुन्हा जोडलं, आकडे संगणकात घातले. उत्तर आलं: मोडीत काढा. भाचीनं हिशेबात दिवसभर चालणारा पंखा धरला होता. सगळे अभ्यासक तसाच धरतात म्हणे.

आत्या मला न्यायला आली आणि ते ऐकून खुर्चीच्या कडेवर बसली. म्हणाली, “बरं. दिलेला शब्द मोडायची नाही मी. पण एकदा लाव तरी.”

भाचीनं बटण दाबलं. मी जीव तोडून फिरलो! टेबलावरचे कागद भुर्रकन उडाले, एक बाईंच्या चष्म्यावरच जाऊन चिकटला. आत्या सवयीनं ओरडली, “बंद कर गं! बेतताना पंखा लावायचा नाही, कितीदा सांगू? कापड माझ्याआधी रस्त्यावर जाईल!”

“आत्या, इथे कुठलं कापड?” भाची हसायला लागली आणि हसता हसता थांबली. “थांब, थांब. मग तू लावतेस कधी?”

“शिवताना. तेही हात घामेजले तर. एरवी बेतायचं, इस्त्री करायची, तेव्हा कसला पंखा!”

बाई टेबलाखाली रांगत कागद गोळा करत होत्या. तिथूनच म्हणाल्या, “पोरी, हिशेब पुन्हा मांड!”

पुन्हा मांडलं. इतक्या थोड्या चालण्यासाठी नवा पंखा घडवणंच पृथ्वीला महाग पडत होतं. तेल घाला आणि ठेवा, असं निघालं.

“दिवसभर लावणाऱ्यांना हे लागू नाही हं,” बाईंनी बजावलं.

“नसू दे,” आत्या मला पदरानं पुसत म्हणाली. “दिवसभर वारा खायला मला सवड आहे कुठे!”

परतताना बसमध्ये मी तिच्या मांडीवर होतो. कंडक्टर म्हणाला, “मावशी, याचं तिकीट?”

“मांडीवरच्याला तिकीट कसलं रे!”

बस हसली. तेवढ्यात खिडकीतून वारा आला आणि माझी पाती आपोआप गरगरली. तार नाही, वीज नाही! माणसांनो, आम्हाला मोडीत काढाल तेव्हा काढा, पण आधी आमचे दिवस कसे जातात ते विचारा. आणि बसमधलं हे फिरणं भाचीला सांगू नका. बिचारी पुन्हा सगळं मांडायला बसेल.