आभाळात अडकलेला मेणा

मित्रांनो, मी बाजाची पेटी. वय झालंय माझं, हे आपणहून सांगते; नाहीतर माझ्या भात्याचं दोन रंगांचं कातडं बघून तुम्ही एकमेकांना कोपरानं ढोसाल आणि हसाल. हसा बापडे. पण एके काळी माझ्या जोरावर एका राजकन्येचा मेणा आभाळात उडत होता, हे ऐकलंत की तुमचंच तोंड उघडं राहील.

माझा जन्म मुंबईचा, भुलेश्वराकडच्या एका अरुंद गल्लीतला. सागवानी फळ्यांची माझी पेटी बांधली, आत पितळेचे सूर बसवले. कारागीर एकेक सूर कानाशी धरायचा आणि घासायचा. जरा चढा वाटला की पुन्हा घास, उतरला की पुन्हा घास. तेव्हा मला वाटे, या माणसाचं आणि माझं काही मागच्या जन्मीचं वैर असावं. आता कळतं, त्यानं घासलं म्हणून मी गोड बोलते.

तिथून मला भिवाजी मास्तरांनी नेलं. मास्तर मूळचे कर्जतकडचे. तिथल्या कोंडाणे लेण्यांच्या डोंगराखाली त्यांची भातशेती. गावच्या भजनात वाजवता वाजवता हात बसला आणि ते मुंबईला एका सिनेमा कंपनीत पेटीवाले म्हणून लागले. आधी दुसऱ्यांच्या चाली वाजवल्या, मग स्वतः चाली बांधू लागले. माझ्यावर त्यांचा भारी जीव. वाजवून झालं की मऊ फडक्यानं पुसत आणि झाकण लावताना आवाज होऊ देत नसत. झोपलेल्या लेकराच्या खोलीचं दार लावावं तसं लावत.

त्या काळी जादूच्या सिनेमांचं पेव फुटलं होतं. राक्षस, पऱ्या, बोलणारे पोपट, सगळं पडद्यावर चाललेलं असे. आमच्या कंपनीनं काढला ‘उडता मेणा’. त्यातल्या राजकन्येचा मेणा भोयांच्या खांद्यावर नाही, तर गाण्यावर चाले. गाणं सुरू झालं की वर जाई, थांबलं की जागीच थांबे. कंपनीचे मालक शेटजी म्हणाले, “मास्तर, अशी चाल द्या की माणसालाही वाटावं, आपण जमीन सोडली.”

मास्तर दोन-चार दिवस नुसतेच माझ्यासमोर बसले. मग त्यांना आपली बहीण आठवली. सुंदरा तिचं नाव. ती गावाकडची धवलारीण, म्हणजे हळदीपासून पाठवणीपर्यंत लग्नाची गाणी म्हणणारी बाई. त्या गाण्यांना धवले म्हणतात. धवल्याची ओळ हलके हलके वर चढत जाते. मास्तरांनी तेच वळण धरलं आणि माझ्या पट्ट्यांवर चाल उतरली. पहिल्यांदा वाजली तेव्हा खोलीतल्या सगळ्यांनी हातातली वाद्यं खाली ठेवली. उजवीकडे व्हायोलिन घेऊन बसलेल्या नेरळच्या पोपटनं तर डोळे पुसले. पोपट मास्तरांच्या डब्यातली भाकर खाणारा, त्यांना गुरू मानणारा.

सिनेमा धो धो चालला. कर्जतला तंबूत लागला तेव्हा गावोगावचे लोक बैलगाड्या जुंपून आले. पोरांनी सुपांचे मेणे केले आणि अंगणाअंगणातून राजकन्या उडू लागल्या. पण शेवटी कंपनीनं एक खोडी केली होती. दुष्ट जादूगार गाणाऱ्याचा गळा बांधतो, गाणं मध्येच तुटतं, आणि राजकन्येचा मेणा ढगांत अडकून पडतो. खाली पडत नाही, पुढेही जात नाही. पडद्यावर अक्षरं उमटतात, ‘राहिलेली गोष्ट दुसऱ्या भागात’. तंबूत लोकांनी आरडाओरडा केला. एक म्हातारी तर उभी राहून म्हणाली, “आरं, पोरीला खाली तरी उतरवा!”

पोरीला उतरवायचं काम मास्तरांचंच, असं मला वाटत होतं. मास्तरांनाही वाटत होतं.

मग महायुद्धातलं ते वाईट वर्ष आलं. बॉम्ब पडणार म्हणून अर्धी मुंबई गावाला पळाली. कंपनी मात्र तग धरून राहिली आणि दुसऱ्या भागाची जुळवाजुळव सुरू झाली. एके दिवशी शेटजी मास्तरांना म्हणाले, “मास्तर, तुमच्या चाली चांगल्याच आहेत. पण दुसऱ्या भागाला लोकांना दुसरं काहीतरी लागतं. पोपटला द्यायचं ठरवलंय.”

 पोपट दारातच उभा होता, त्याच्याकडे मास्तरांनी पाहिलंही नाही. माझं झाकण लावलं, तेही धाडकन. मला तेव्हाच कळलं की आता काही खरं नाही.

मला घेऊन ते गावी आले. घरात भाताच्या कणगीशेजारी मला ठेवलं, वर गोधडी टाकली. घरच्यांना सांगितलं, “त्या मेण्याचं नाव माझ्यासमोर काढायचं नाय.” दिवसभर शेतात राबत, संध्याकाळी ओट्यावर गप्प बसत. भजनाला बोलावणं आलं तर म्हणत, “आवाज बसलाय.” आवाज कसला बसतोय! मन बसलं होतं.

आता तुम्हाला वाटेल, माझी आबाळ झाली. तसं म्हणायची सोय नाही, कारण मास्तरांच्या इंदूबाई माझी पूजा करत. दसरा, दिवाळी, दर सणाला मला पाटावर बसवत, हळदकुंकू लावत, झेंडूची माळ घालत आणि मूठभर अक्षता भक्तिभावानं पट्ट्यांवर टाकत. हात जोडून म्हणत, “हिच्यामुळं आमचं नाव झालं.” मला ओरडून सांगावंसं वाटे, की बाई, पूजा नको, एकदा भाता हलवा! पण भाता हलल्याशिवाय मला बोलता येत नाही, हेच तर माझं दुखणं. अक्षता पट्ट्यांच्या फटीतून आत गेल्या. तांदळाच्या वासानं कणगीचे उंदीर माझ्याकडे वळले. तांदूळ संपले तेव्हा त्यांनी भात्याचं कातडं चाखून पाहिलं. ते त्यांना आवडलं. मित्रांनो, गळ्यात झेंडूची माळ आणि पोटात उंदीर, अशी माझी दशा होती. असंच चाललं तर मी लवकरच सरपणात जाणार होते. आणि मास्तरांचं गाणं माझ्याही आधी जाणार होतं.

पुढच्या वैशाखात मास्तरांच्या मुलीचं, चंद्राचं, लग्न निघालं. हळदीच्या दिवशी दुपारी घर माणसांनी भरलेलं, आणि कर्जत स्टेशनावरून चालत, काखेत व्हायोलिन मारून पोपट दारात येऊन उभा राहिला. त्याला लग्नाचं ठाऊकच नव्हतं. मांडव बघून बिचारा मागे फिरत होता, पण इंदूबाईंनी पाहिलं. “हळदीच्या घरातनं कोण तसा जातो का रं? ये, बस,” म्हणून पाण्याचा तांब्या दिला.

पोपट मास्तरांसमोर कणगीजवळच बसला, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

“मास्तर, मेणा हलत नाय,” तो म्हणाला. “मी किती चाली केल्या. चाली वाईट नायत. पण पडद्यावर मेणा अडकलाय तो तुमच्या चालीवर. माझी चाल लावली की वाटतं, ही दुसरीच राजकन्या हाय. तुमची ती शेवटची ओळ मला पायजे. शेटजी म्हणतात, पयल्या भागातनं काढ आन वापर, इचारायचं काय त्यात? पर मला तुमाला इचारल्याबिगर घ्यायची नाय.”

मास्तर कडवट हसले. “खुर्ची घेतलीस तवा इचारलं नायस. आन ओळ इचारतोस?”

पोपटची मान खाली गेली. “तवा हिंमत झाली नाय, मास्तर,” एवढंच तो बोलला.

“जेवून जा,” म्हणून मास्तर उठून बाहेर गेले. माझ्या आतला सगळा वाराच जणू निघून गेला. आता कोण मला उघडणार?

मांडवात सुंदरा सकाळपासून धवले म्हणत होती. चंद्रा पाटावर हळद लावून घेत होती. ऊन कलता कलता सुंदराचा आवाज चिरकला. एकदा चिरकला, दुसऱ्यांदा फुटलाच. बायका घाबरल्या, कारण धवला अर्धा राहिला तर हळदही अर्धी. तेव्हा शेजारच्या वाडीची गौराबाई पदर खोचून पुढे झाली. आता ऐका गंमत. सुंदराचं आणि गौराबाईचं वर्षभर बोलणं बंद! सुंदराच्या हक्काचं एक लग्न गौराबाईनं घेतलं होतं, त्यावरून नदीवर सगळ्या गावानं ऐकावं असं भांडण झालं होतं.

पण धवल्याची एक रीत आहे. एकीचा आवाज थकला की दुसरी बसते. मात्र बसणारीनं आधीच्या बाईची शेवटची ओळ तिच्याच वळणानं म्हणायची, मगच आपली म्हणायची. आणि उठणारीनं ती ओळ मोकळ्या गळ्यानं द्यायची, तोंडातल्या तोंडात पुटपुटायची नाही. सुंदरानं फुटक्या आवाजात, पण सगळा जीव लावून ओळ दिली. गौराबाईनं ती तश्शी उचलली, मुरकीसुद्धा सुंदराचीच. मग हळूच आपल्या वळणावर नेली. चंद्राच्या अंगावर हळद चढत राहिली. मध्ये कुठे खंड पडला हे नवरीला कळलंसुद्धा नाही.

सुंदरा आत येऊन पाणी प्यायली. मास्तर तिच्यामागोमाग आले.

“सुंदरे, तिचं तोंड बघत नायस तू. मग ओळ कशी काय दिलीस?”

सुंदरानं तांब्या खाली ठेवला. “दादा, येडा का खुळा तू? भांडण माझं न् तिचं हाय. लगीन तुझ्या पोरीचं हाय. आमच्या भांडणापायी पोरीला हळदीत अर्धी ठेवू?”

मास्तर सरळ कणगीपाशी आले. मग माझ्यावरची गोधडी ओढली आणि हाक मारली, “पोपट! हिकडं ये.”

त्यांनी मला उघडलं. भाता हलवला. मी इतक्या दिवसांनी बोलायला गेले, तर घशातून नुसती घरघर! पोपटनं मला उचलून तिरकी केली आणि माझ्या पोटातून तांदूळ, हळद, झेंडूच्या पाकळ्या आणि चिंध्यांचं एक घरटं बाहेर पडलं. मास्तर आधी बघतच राहिले, मग खो खो हसायला लागले. किती दिवसांनी हसले ते! इंदूबाईंनी तोंडाला पदर लावला. “आवं, म्या तर देव मानून पूजा केली हो हिची!” त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला त्यांचा राग आला नाही. माझ्यावर माया होतीच त्यांची, फक्त कशी करायची ते कुणी सांगितलं नव्हतं.

मृदंगाला कातडं चढवणारा जैतू मांडवातच जेवत होता. हात धुऊन तो उठला आणि हाताशी होतं ते कातडं माझ्या भात्याला लावलं. रंग जुळला नाही. मला त्याचं काय! पोपटनं एकेक सूर पुसला. मास्तर माझ्यासमोर मांडी घालून बसले आणि ती ओळ वाजवली, जिथे मेणा अडकला होता तिथपर्यंत, अगदी मोकळ्या हातानं. शेवटचा सूर हवेत आहे तोवर पोपटनं व्हायोलिनवर तो उचलला आणि वेगळ्याच वाटेनं पुढे नेला. मास्तरांच्या कधी मनातही आली नसती अशी ती वाट होती.

“सुरुवात माझी,” मास्तर म्हणाले, “पुढचं तुझं. त्यात मी बोट घालणार नाय. आन शेटजींना सांग, मेणा जिथं अडकला तिथनंच हलवायला लागतो.”

दुसरा भाग कर्जतच्या तंबूत लागला. इंदूबाई बघून आल्या, त्यांनी सांगितलं ते सांगते. आधी मास्तरांची ओळ आली, ती मास्तरांबरोबर मी स्वतः मुंबईला जाऊन वाजवली होती. तंबूतले लोक ओळखीचं माणूस भेटावं तसे हसले. मग पोपटची चाल सुरू झाली, मेणा एकदा डुलला आणि चालू लागला. लोकांनी टोप्या वर उडवल्या. मास्तरही तंबूतून घरी परत आले ते त्याच चालीची शीळ घालत. त्या आठवड्यात ते भजनाला गेले, मला घेऊन.

मित्रांनो, कंपनीचा स्वभाव काही बदलला नाही. स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी तिसरा भाग निघाला. एका दुपारी पोपट आला, तोंड एवढंसं करून. “मास्तर, तिसरा भाग खोपोलीच्या हिरामणला दिला.”

“मग तो कुठं हाय?”

“कर्जतला स्टेशनावर बसवलाय. मीच आणला तेला. पर तिथनं माझं मन मागं सरलं.”

“उनात बसवलास का रं तेला? जा, घेऊन ये आधी!”

हिरामण आला. तरणाबांड, अंगानं धिप्पाड, पण घाबरून दारातच चपला हातात धरून उभा. पोपट माझ्यासमोर बसला. त्यानं माझ्या पट्ट्या उगाचच पुन्हा पुन्हा पुसल्या. आपली जागा दुसऱ्याला देताना काय होतं, ते मास्तर आणि मी चांगलं जाणून होतो. मास्तरांनी नुसता त्याच्या पाठीवर हात ठेवला. पोपटनं डोळे मिटले आणि ओळ दिली. हिरामणनं चपला खाली टाकल्या आणि मोकळ्या गळ्यानं ती उचलली.

तेव्हा मुलांनो, तुमच्या घरात एखादी पेटी असेल, सतार असेल, साधा टाळ असेल, तर त्याची पूजा जरूर करा. पण पूजेआधी त्याची धूळ पुसा, आणि पूजेनंतर ते वाजवा. तुम्हाला येत नसेल तर ज्याला येतं त्याच्या हातात द्या, आणि देताना हात आखडू नका. ठेवून ठेवून आमचं सोनं होत नाही हो, उंदरांचं फावतं.

मी आता हिरामणकडे असते, खोपोलीला; मास्तरांनीच मला त्याच्या हाती दिलं. त्याचा हात अजून नवा आहे. भाता विहिरीचं पाणी ओढावं तसा ओढतो, पट्ट्या जोरात दाबतो, कधी कधी माझे सांधे दुखतात. पण मी तक्रार करत नाही. दुखतंय म्हणजे वाजतेय.