मालकांची परवानगी

मी टेलरच्या दुकानातला कॉम्प्युटर बोलतोय. एका बाजूला इस्त्री, दुसऱ्या बाजूला कापडाचे तागे. माझ्या पंख्यात हवेपेक्षा दोरेच जास्त.

आठ वर्षांपूर्वी मला दुकानाचे मालक काका आणि काकू यांच्या लेकीने आणलं, सगळं जोडून दिलं आणि ती परगावी गेली. मापं, नमुने, भरतकामाचं मशीन, माझ्यावरचं सगळं काम काकू करतात. पण ॲडमिनिस्ट्रेटर काका! नवं काही बसवायचं असलं की मी पासवर्ड मागायचो. मग काका कात्री खाली ठेवून, चष्मा पुसून, काकूंना तोंड फिरवायला लावून एका बोटाने तो टाकायचे. बारा अक्षरांना पाच मिनिटं; थाट मात्र गड सर केल्याचा.

मध्यंतरी सुरक्षिततेचं खूळ डोक्यात शिरलं आणि त्यांनी पासवर्ड बदलला. कुणाच्या हाती लागू नये म्हणून कुठे लिहिलाही नाही. तो कुणाच्याच हाती लागला नाही, त्यांच्यासुद्धा.

नेमकं तेव्हाच भरतकामाचं नवं मशीन आलं. शनिवारी गायनवृंदाचे चाळीस अंगरखे द्यायचे होते, प्रत्येकावर बोधचिन्ह भरून. मशीन मला जोडायचं तर पासवर्ड हवा. काकांनी लेकीची जन्मतारीख टाकली, मांजराचं नाव टाकलं, फोन नंबर उलटा टाकला. मी त्यांनीच लिहून ठेवलेली खूण दाखवली: 'नेहमीचाच'. दोन दिवस ते काकूंना सांगत होते, कॉम्प्युटर बिघडलाय. नाचता येईना अंगण वाकडं! मला फार लागलं ते.

गुरुवारी दुपारी काकूंनी मुकाट्याने सुई-दोरा काढला आणि पहिला अंगरखा हातानेच भरायला घेतला. काकांना ते बघवेना.

"बिघडला नाही गं तो," ते म्हणाले. "मी पासवर्ड विसरलोय."

काकू उठल्या. लेकीने पहिल्याच दिवशी त्यांच्या नावाने एक खातं करून दिलं होतं, तेही ॲडमिनिस्ट्रेटरचंच. ते उघडून त्यांनी काकांना नवा पासवर्ड दिला आणि मशीन जोडलं.

काका बघतच राहिले. "आठ वर्षं तुला येत होतं? मग मला कशाला बोलवायचीस?"

"एरवी तुम्ही कात्री खाली ठेवता कुठे?" काकू म्हणाल्या. "तेवढीच पाच मिनिटं शेजारी बसायचात."

अंगरखे वेळेवर गेले. मी आता थकलोय, सुरू व्हायलाही वेळ लावतो. पण एवढ्यात मला मोडीत काढू नका. परवाच काकांनी हाक मारली, "अगं, पासवर्ड विसरलो, जरा येतेस?"

त्यांना तो पाठ आहे.