माशीसाठी हात वर

घरात बसल्या बसल्या फोटो काढता येतील असे वन्य प्राणी दोनच होते, माश्या आणि बाबा. बाबा कॅमेरा दिसला की शिव्या घालायचे. म्हणून धाकट्याने माश्यांपासून सुरुवात केली.

झटका येऊन बाबांचा उजवा हात लुळा पडला, तेव्हापासून धाकटा रजेवर होता. त्यांना उठवायचं, पुसायचं, भरवायचं, परत आडवं करायचं, आणि मधे वेळ मिळाला तर आपण भिंतीला टेकायचं. दमणूक अशी की चहा गाळताना गाळणंच विसरायचा आणि मग तोंडातली पत्ती चावत बसायचा. उठून थुंकायचाही कंटाळा. हे कमी होतं म्हणून एका मित्राने स्वतःकडे पडून असलेली मॅक्रो लेन्स त्याला आणून दिली. मुंगीची म्हैस करून दाखवणारी लेन्स. व्हिडिओतले मास्तर सांगायचे, किड्याच्या डोळ्यावर फोकस करा. माशीच्या एका डोळ्यात हजारो डोळे. त्यातल्या नेमक्या कुठल्यावर, हे कोणीच सांगत नव्हतं. डोळा धरला की पाय धुरकट, पाय धरला की डोळा, आणि श्वास सोडला की अख्खी माशीच चौकटीबाहेर. पहिल्या आठवड्यात त्याने चादरीचे फार सुंदर फोटो काढले. त्या प्रत्येक जागेवरून नुकतीच एक माशी उठून गेली होती.

बाबा निवृत्त ट्रॅफिक हवालदार. हयातभर चौकात उभं राहून या हाताने ट्रक थांबवले. कोणी न थांबता सटकला तर जोडीदाराला ओरडून सांगायचे, "नंबर घे!" आता तोच हात फिजिओथेरपीच्या बाईंसमोर चादरीवर पडून राहायचा, आपणही निवृत्त झालो असं सांगत.

"काका, वर घ्या बघू."

"कशाला? गाडी आहे का समोर?"

सोमवारपासून धाकट्याला कामावर जायचं होतं. बाई शनिवारी शेवटचं तपासणार होत्या. हात उचलून थोडा वेळ धरता आला तर पाण्याचा ग्लास आपापला घेता येईल, दुपारी शेजारच्या काकू डोकावतील, आणि बाबा इथेच राहतील. नाही जमलं तर ताई त्यांना आपल्याकडे नेणार. ताईचं घर छान होतं, पण बाराव्या मजल्यावर. खिडकीतून नुसतं आकाश. इथे पलंगावरून खालचा चौक दिसायचा.

"आकाशात काय बघत बसू?" बाबा म्हणाले. "सिग्नल आहे का तिथे एखादा?"

एका दुपारी भरवताना साखरेचं पाणी बाबांच्या बोटावर सांडलं आणि त्यावर माशी येऊन बसली. धाकट्याने कॅमेरा उचलला.

"बाबा, हलू नका. सावली येतेय. जरा उजेडात घ्या तिला."

"एवढं?"

"अजून."

बोट, मनगट, मग कोपर, असा हात चादरीवरून सुटला. माशी उडाल्यावर दोघं त्या हाताकडे बघत राहिले. तो दुसऱ्याच कोणाचा असावा असं वाटत होतं.

मग रोजचंच झालं. बाबा माशी घेऊन उजेडात यायचे, हात थरथरायचा, फोटो बिघडायचा. "लायसन विचार तिला," बाबा म्हणायचे. मात्र माशी नसेल तर हात ढिम्म.

शनिवारी सकाळी ताई आली. माहेरची खोली बघून तिचा जीव कळवळला आणि तिने पदर खोचला. दुपारपर्यंत कोपरान् कोपरा फिनेलने पुसून निघाला. वास जावा म्हणून तिने खिडकी सताड उघडून ठेवली. तेवढ्यात बाई आल्या.

"काका, वर."

हात हलला नाही. बाबांनी खोलीभर नजर फिरवली. "माशी कुठेय?"

बाईंनी धाकट्याकडे पाहिलं.

"त्यांना माशी लागते," धाकटा म्हणाला. चष्मा लागतो म्हणावं तसं.

"अरे, मी सकाळपासून मर मर मरून माश्या मारतेय!" ताई म्हणाली.

धाकट्याने रिकामी बरणी घेतली आणि जिने उतरून फळवाल्याकडे गेला. "भाऊ, एक माशी हवी होती."

"एकच?" फळवाल्याने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "इतकी वर्षं हाकलतोय, गिऱ्हाईक पहिल्यांदाच आलं. त्या केळ्यावरची घ्या. अंगाने भरलेली आहे."

वर येईपर्यंत धाकट्याचे पाय भरून आले. बाबांच्या बोटाला साखरेचं पाणी लावलं, बरणी उघडली आणि कॅमेरा उचलला. माशी बोटाकडे फिरकलीच नाही. आधी ताईच्या चष्म्यावर बसली. मग बाईंच्या फाइलवर बसून हात चोळले. मग उठली आणि थेट खिडकीकडे निघाली.

"ए!"

बाबांचा हात वर गेला. बोटावर काही नसताना, पार खांद्यातून, पंजा उघडून, चौकात जायचा तसा. धाकट्याने सवयीने बटण दाबलं. माशी काही थांबली नाही. हात मात्र हवेतच राहिला. थरथरत होता, पण वर होता. ताईच्या हातातलं फडकं बादलीत पडलं. बाई ओठातल्या ओठात मोजायला लागल्या.

"नंबर घेतलास का?" बाबांनी खिडकीवरची नजर न काढता विचारलं.

धाकट्याने कॅमेऱ्यात बघितलं. धुरकट खिडकी. माशीचा पंखसुद्धा नव्हता.

"घेतला."

"मग हात खाली करू?"

बाईंनी मोजता मोजता मान हलवून नको म्हटलं.

"थोडं थांबा, बाबा," भिंतीला टेकत धाकटा म्हणाला. "मागून अजून गाड्या येतायत."