ठिगळ्या आणि जातीचा रकाना

मी एक म्हातारा कुत्रा आहे. वय तेरा वर्षं; दात थोडे, झोप फार. मित्रांनो, जिन्यात मला कुणी नवखं माणूस भेटलं की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कुठल्या जातीचा हो हा?" नाव नंतर विचारतात, चावतो का हे त्याच्याही नंतर. खरं तर क्रम उलटा हवा. पण या एका प्रश्नाच्या उत्तरापायी मी एकदा विकला गेलो, एकदा टाकला गेलो आणि एकदा घराबाहेर काढला जाता जाता राहिलो. तेवढी हकिगत तुम्हाला सांगतो.

कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्या एका माणसाच्या अंगणात, पत्र्याच्या छपराखाली माझा जन्म झाला. माझी आई मेंढ्या वळणाऱ्या कुत्र्यांच्या कुळातली. अंगणात मेंढ्या नव्हत्या, म्हणून ती आम्हा सहा पिल्लांनाच वळायची. कुणी गोणपाटाबाहेर पाऊल टाकलं की गोल फेरा मारून यायची आणि नाकाने त्याला आत ढकलायची. वडील कोण, ते तिलाच ठाऊक. तिने कधी सांगितलं नाही. माझं अंग पांढरं, त्यावर काळे, तपकिरी, करडे असे वाटेल तिथे डाग. पंजे मात्र चांगले थोराड. त्या पंजांवरच माझं नशीब फिरलं.

एका ठेकेदाराला आपल्या गोदामाला राखणदार हवा होता. पैदासवाल्याने मला उचलून माझा पंजा त्याच्या तळहातावर ठेवला. "पंजा बघा साहेब! अस्सल राखणदाराचं बीज आहे. वर्षभरात वासराएवढा होईल. चोर ही गल्लीच सोडून जातील."

ठेकेदाराने माझं नाव सुलतान ठेवलं. पहिले काही महिने माझे लाड काय सांगू! येणाऱ्याजाणाऱ्याला तो माझे पंजे दाखवायचा. पण मी वाढायचा तो गुडघ्याएवढा वाढून थांबलो. पंजे पुढे गेले, बाकीचा मी मागे राहिलो. शिवाय मला राखण जमेना. अनोळखी माणूस फाटकातून आला की मी भुंकण्याऐवजी त्याच्याभोवती गोल फिरायचो आणि त्याला हळूहळू इतरांच्या घोळक्यात नेऊन सोडायचो. जेवणाच्या सुट्टीत विखुरलेल्या कामगारांना तर मी एका झाडाखाली गोळा करायचो. आईचं रक्त, दुसरं काय! कामगार पोट धरून हसायचे. एक दिवस ठेकेदाराचा मित्र म्हणाला, "अरे, हा सुलतान कसला? हा सुलतानाचा हुजऱ्या!"

ठेकेदार हसला नाही. त्याच संध्याकाळी मला गच्चीवर नेऊन साखळीने बांधलं. साखळी चार पावलांची होती. पाचवं पाऊल टाकलं की गळा आवळायचा. पाण्याचं भांडं साखळीतच अडकून उपडं व्हायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तसंच राहायचं. मी काय गुन्हा केला होता, ते मला कधी कळलं नाही. मी फक्त मोठा झालो होतो, आणि तेही पुरेसा नाही.

पुढे मला खोकला लागला, तेव्हा त्याने मला जनावरांच्या दवाखान्यात आणलं. "संध्याकाळी घेऊन जातो," असं म्हणून गेला. मित्रांनो, ती संध्याकाळ अजून व्हायची आहे. डॉक्टरीणबाईंनी तिसऱ्या दिवशी त्याला फोन लावला. पलीकडून आवाज आला, "बाई, मला फसवून गळ्यात मारलाय तो. राखणदार नाही काही. मी ठेवून काय करू?"

बाईंनी फोन ठेवला, माझा कागद ओढला, 'जात' या रकान्यावर पेन टेकवलं आणि काही न लिहिता उचललं.

त्या दवाखान्यात मी पाच महिने राहिलो आणि तिथेच माझं शिक्षण झालं. बाहेरच्या खोलीत भिंतीवर कुत्र्यांच्या जातींचा एक मोठा तक्ता होता. बाईंकडे शिकायला मुली यायच्या, त्यांना बाई एकेक जात समजावून सांगायच्या. तक्त्यापेक्षा त्या बाकावरच्या रुग्णांकडेच जास्त बोट दाखवायच्या.

"जगातली सगळी कुत्री एकच प्राणी आहेत बरं का. जात म्हणजे माणसाने एखाद्या कामासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडून जुळवलेलं कूळ. म्हणून जातींचे गट पाडताना आधी विचारायचं, ह्याच्या पूर्वजांकडून काय काम करून घेतलं? तो बीगल बघा, त्या आजींच्या पिशवीत नाक घालून बसलाय. तो वासावर माग काढणाऱ्यांतला. जग नाकानेच वाचतो. कोपऱ्यात झोपलाय तो ग्रेहाउंड नजरेने शिकार हेरून धावणाऱ्यांतला. धावला तर वारा, नाहीतर असा पोत्यासारखा पडून. माझी कुंडी उकरतोय ना, तो टेरिअर. ह्याचे पूर्वज उंदीर-घुशींच्या मागे बिळात शिरायचे. कुंडीचा राग धरून उपयोग नाही. तोंडात माझी चप्पल घेऊन उभा आहे तो लॅब्रडॉर. शिकाऱ्याने पाडलेला पक्षी अलगद आणून द्यायचा, हे त्याच्या कुळाचं काम. मग मेंढ्या वळणारे, मग राखण करणारे नि ओझी ओढणारे, आणि ती मांडीवरची चिमुरडी, तिचं काम फक्त सोबत करण्याचं. तेही काही लहान काम नव्हे."

"एकूण गट किती मग?" एकीने विचारलं.

"जातींची नोंद ठेवणारी कुठली संस्था सात मानते, कुठली दहा. गट माणसांनी पाडलेत, कुत्र्यांनी नाही."

"आणि हा?" तिने माझ्याकडे बोट केलं.

बाई माझ्याजवळ खाली बसल्या. "हा मिश्र. ह्याच्यात किती कुळं मिसळलीत, ते ह्याच्या तोंडावर लिहिलेलं नाही. नुसतं रूप बघून सांगायला गेलात तर डॉक्टरही तोंडघशी पडतात. ह्याला दोन महिने नीट बघा, मग तोच सांगेल."

दवाखान्याचे डगले शिवून देणारी एक ताई होती. एकदा गठ्ठा घेऊन आली आणि मला पाहून थबकली. "अगं बाई! हा तर चिंध्या जोडून शिवलाय कुणीतरी!" ती मला घरी घेऊन गेली. त्या दिवसापासून मी ठिगळ्या.

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. एका खोलीत शिवणयंत्र, कापडाचे ढीग, दोऱ्याची रिळं. दुसरीत ताईची आई. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून ती खुर्चीतच असायची. मला पाहताच तिने जाहीर केलं, "मला कुत्रंबित्रं चालणार नाही. घरभर केस!" आठवड्याभरात ती मला तासन्‌तास लेकीच्या तक्रारी सांगू लागली. मी कधी मध्येच बोलत नसे, हे तिला फार आवडायचं.

सगळं सुरळीत होतं, आणि मग माझ्याकडून चूक झाली. एका दुपारी शाळेतून आलेली मुलं जिन्यात आरडाओरडा करत पळत होती. माझ्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे! ताईच्या हातून पट्टा सुटला आणि मी धावलो. गोल फिरून त्यांना जिन्याच्या कोपऱ्यात वळवलं. एक चिमुरडी निसटत होती, तिचा मोजा मी दातात धरला. ती पडली, तिचा गुडघा फुटला. मला वाटलं होतं, मी कळप वाचवला.

दुसऱ्या दिवशी इमारतीचे सचिव दारात आले, पण उंबऱ्यापासून चार हात लांबच थांबले. त्यांच्या हातात नियमांचा कागद होता, त्याला जोडलेली मनाई असलेल्या जातींची यादी आणि एका भयानक कुत्र्याचं चित्र.

"आक्रमक जातींची कुत्री ठेवायला मनाई आहे. ह्याचे पंजे बघा नि ह्या चित्रातले बघा. पंधरा दिवसांत ह्याच्या जातीचा दाखला आणा, नाहीतर ह्याला हलवा."

ताई मला घेऊन तशीच दवाखान्यात गेली. तिचे डोळे सुजले होते. "डॉक्टर, 'लॅब्रडॉर' लिहून द्या ना. कुणाला कळतंय?"

"देते की. एका शब्दाचं तर काम आहे," बाई म्हणाल्या. "पण उद्या पोरं पळाली की हा पुन्हा घोटे धरणार. मग लोक म्हणतील, कागद खोटा, कुत्रा खोटा आणि तूही खोटी. तेव्हा मला तुझ्या बाजूने तोंड उघडता येणार नाही."

ताईने तो हट्ट तिथेच सोडला. घरी येईपर्यंत तिने माझा पट्टा इतका घट्ट धरला होता की तिच्या हातावर वळ उठले.

पंधराव्या दिवशी इमारतीतल्या लोकांची सभा खाली आवारात झाली. डॉक्टरीणबाई स्वतः आल्या आणि दाखला मोठ्याने वाचला. "जात: निश्चित सांगता येत नाही. स्वभाव: माणसांवर गुरगुरत नाही, खाताना भांडं काढून घेतलं तरी चिडत नाही. सवय: पळणाऱ्याला वळवतो आणि घोटा धरतो. ही सवय मोडता येते. मोडली नाही तर पुन्हा कुणीतरी पडेल."

"बाई, मी जात विचारली होती," सचिव म्हणाले.

"जात कळून तुम्हाला काय कळणार आहे?" बाईंनी शांतपणे विचारलं. "तुम्हाला कधी कुत्रा चावलाय का?"

सचिव खाली वाकले. मग त्यांनी पँटचा पाय वर केला. पोटरीवर पांढरट, ओढल्यासारखा व्रण होता. "सात वर्षांचा होतो. शेजारणीचं होतं. एवढंसं, पांढरं, मांडीवरचं."

"ते आहे तुमच्या यादीत?"

"नाही."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. बाईंनी अशी नजर टाकली की हसणं जागीच विरलं. "हसू नका. त्यांचं भिणं खरं आहे. यादी तेवढी चुकीची आहे."

एरवी मी अशा माणसाजवळ गेलो असतो. पण घाबरलेल्या माणसाच्या अंगाला एक वास येतो, आणि तो वास 'लांब राहा' म्हणतो. मी ताईच्या पायाशी बसून राहिलो.

तेवढ्यात त्या पडलेल्या मुलीची आई उठली. ती म्हणाली, "त्याला शिकवा. मला तीन महिन्यांनी दाखवा. शिकला तर माझी हरकत नाही." सचिवांनी थोडा विचार करून मान डोलावली. यादी खोडली गेली आणि प्रत्येक कुत्र्यासाठी सारखे नियम झाले: जिन्यात पट्टा आखूड धरायचा, मुलांमध्ये मोकळं सोडायचं नाही.

ते तीन महिने मी जन्मात विसरणार नाही. ताई खोलीभर रिळं घरंगळत सोडायची. मी झेपावलो की ताईच्या आईचा खुर्चीतून आवाज, "थांब!" थांबलो की खाऊ. नंतर रिळांऐवजी चेंडू, चेंडूऐवजी ताई स्वतः धावायची, दोन खोल्यांत, धापा टाकत. आणि मन मोडून नुसतं बसवायचं तरी किती, म्हणून रोज सकाळी मोकळ्या मैदानात मला मनसोक्त गोल गोल पळू द्यायची.

परीक्षेच्या दिवशी मुलं जिन्यावरून धडधडत खाली आली. माझ्या घशातून आपोआप बारीक आवाज येत होता. पण मी बसलो. ती चिमुरडी माझ्या अगदी नाकासमोरून गेली आणि मी बसूनच राहिलो. ताईचा हात माझ्या मानेवर होता. सचिवांनी वहीत लिहिलं, 'कुत्रा राहू द्यावा.'

त्यांनी मला आजवर कधी हात लावला नाही. मी दिसलो की ते भिंतीला चिकटून उभे राहतात आणि म्हणतात, "या ठिगळेराव, तुम्ही आधी." मी आदबीने पुढे जातो. प्रेम नसलं तरी इतक्या सभ्यपणे राहता येतं, हे मी त्यांच्याकडून शिकलो.

आता मला जिना चढवत नाही. ताई मला उचलून वर नेते आणि प्रत्येक मजल्यावर दम खाते. ताईची आई म्हणते, "दोघांना मिळून एक लिफ्ट बसवा."

मित्रांनो, घरी पिल्लू आणायचं असेल तर त्याच्या कुळाने काय काम केलं ते जरूर विचारा. त्याच्या पायांना, नाकाला, डोक्याला काय लागेल ते त्यावरून कळेल. पळणारं कूळ असेल तर तुमच्याकडे मैदानात जायला वेळ आहे का, तेही स्वतःला विचारा. नसेल तर आणू नका, त्यात कमीपणा नाही. पण एकदा आणलंत की ते वाढून कसंही निघालं तरी ते तुमचं. त्याला शेवटपर्यंत सांभाळा. फार वर्षं मागत नाही आम्ही. तुम्ही पहिल्यांदा दप्तर घेऊन शाळेत जाता आणि मोठे होऊन शाळेतून बाहेर पडता, तेवढ्यात आमचं सगळं आयुष्य होऊन जातं.