वाहन शून्य

परदेशी जायचं म्हणजे पासपोर्ट हवा, विमान हवं. धरणगावचे कापूसवाले ज्ञानचंद बायको तारादेवीला घेऊन काठमांडूला गेले ते रेल्वेनं आणि पुढं बसनं, पासपोर्टाशिवाय. तरी गावानं त्याला परदेश म्हटलं, आणि गाव म्हणेल ते खरं. घरी भांडी घासणारी भिकुबाई निघताना म्हणाली, "अक्का, बठ्ठं दखी ये. मन हलकं व्हई." सगळं बघून आलं की मन हलकं होईल, असं तिचं म्हणणं.

तारादेवीचं मन जड नव्हतंच. त्यात काही उरलंच नव्हतं. एकुलता एक मुलगा लालचंद अमळनेरच्या रस्त्यावर फटफटीवरून पडून गेला, त्याला आठ महिने झाले. तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. बायका म्हणत, धीराची आहे. धीर कसला डोंबलाचा! मनाचा नुसता दगड झाला होता.

एक गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नव्हती. त्या दिवशी लालचंद दोनच्या एस.टी.नं निघाला होता. तिनंच अडवलं. "एस.टी.चं काय खरं? फटफटी ने. संध्याकाळी जेवायला परत येशील." तेव्हापासून कुणी कशानं जावं, यावर तिनं तोंड उघडलं नव्हतं.

आणि इथं रोज सकाळी धर्मशाळेच्या दारात ज्ञानचंद विचारायचे, "बोल, आज कशानं जायचं? टॅक्सी, सायकलरिक्षा, का बस?" मग तिनं तोड काढली. जैनांच्या घरी सकाळी नियम घ्यायची रीत आहे: आज इतकेच पदार्थ, इतकेच कपडे, इतकीच वाहनं. तारादेवी हात जोडून म्हणायची, "आज वाहन शून्य." नियमापुढं नवरा काय बोलणार? साठीला टेकलेला, पोट सुटलेला तो माणूस तीन दिवस तिच्या मागून काठमांडू पायी तुडवत राहिला. देवळं झाली, बाजार झाला, डोंगर झाले. तिला सगळं सारखंच दिसलं.

चौथ्या दिवशी बौद्धनाथाच्या स्तूपाहून परतताना ज्ञानचंद एका दुकानाच्या पायरीवर बसले, ते उठेनात. बूट काढला तर मोजा रक्तानं चिकटलेला. धर्मशाळा अजून तासाभराच्या वाटेवर होती. समोर टॅक्सी थांबली, मागून सायकलरिक्षा आली, आणि दोघंही चालक गिऱ्हाईक ओढायला ओरडू लागले.

"तुम्ही जा बसून. मी येते चालत," ती म्हणाली.

"कशात बसू, ते तू सांग."

"मी नाही सांगणार."

"मग मी इथंच बसतो."

"एकदा सांगितलं होतं," ती म्हणाली. आवाज कोरडा ठणठणीत. "तो एस.टी.नं जात होता. मी म्हटलं, फटफटी ने."

ज्ञानचंद मोज्याकडे बघत राहिले. "ठाऊक आहे मला. जाताना पेढीवर आला होता. आईनं सांगितलंय, म्हणाला. मी म्हटलं, बरोबर सांगितलं तिनं. पेट्रोलला पैसे मीच दिले."

आठ महिने या माणसानं ब्र काढला नव्हता. तिला दोष दिला नव्हता, स्वतःचा वाटाही सांगितला नव्हता. तिला त्याचा भयंकर राग आला. इतक्या महिन्यांत तिला काही वाटलं, ते हेच पहिलं.

टॅक्सीवाला कंटाळून निघून गेला. तिनं वाकून नवऱ्याचा बूट उचलला, दुसऱ्या हातानं त्यांचा दंड धरला.

"रिक्षा," ती म्हणाली.

त्यांना आधी बसवलं, आणि सकाळचा नियम मोडून स्वतः शेजारी बसली. "हळू चालव, भैया," तिनं रिक्षावाल्याला सांगितलं, आणि तिला रडू फुटलं.